फूल शेवटी बघा : चिनी चित्रांतलं कमळ पाहायला शिकताना

आपल्याला कमळ बघायची सवय लहानपणापासूनची, आणि चिनी चित्रासमोर नेमकी तीच आडवी येते. रांगोळीतलं अष्टदल कमळ, तसबिरीतल्या लक्ष्मीच्या पायाखालचं कमळ, देवळाच्या छतात कोरलेलं कमळ. सगळी मापात बसलेली, मधोमध मांडलेली. पान असलंच तर शोभेपुरतं, देठ बहुतेकदा नाहीच. हा डोळा घेऊन चिनी चित्रासमोर उभं राहिलं की आपण फूल शोधतो, सापडलं की 'सुंदर' म्हणतो आणि पुढे सरकतो. मी कित्येक वर्षं हेच केलं. मग एकदा तसला ब्रश आणि तसला कागद स्वतः हातात घेतला, पानाचा एक फटकारा मारला, तर कागदावर पान नव्हे, पावसाळ्यात भिंतीला येते तशी ओल उमटली. तेव्हापासून मी आधी पान बघतो आणि फूल शेवटी.

खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. चिनी भाषा यायला हवी असं काही नाही. हाताशी मोबाइल किंवा लॅपटॉप आणि एका चित्राला दहा मिनिटं द्यायची तयारी, एवढ्यावर भागतं.

पायरी पहिली : खरं कमळ बघून या

चित्रकाराने काय ठेवलं आणि काय गाळलं हे कळायला मूळ वस्तू माहीत हवी. कोकणात देवळांच्या तळ्यांत कमळं असतात, शहरांत काही बागांत असतात. जवळ जे असेल तिथे सकाळी लवकर जा. कमळ पहाटे-सकाळी उमलतं, ऊन चढलं की मिटायला लागतं आणि तीन-चार दिवसांत पाकळ्या गळतात. आधी खात्री करा की समोर आहे ते कमळच आहे. कुमुदिनीचं पान पाण्यावर पसरतं आणि कडेपासून देठापर्यंत त्याला एक चीर असते. कमळाच्या पानाला चीर नसते. सुरुवातीची पानं तरंगतात, पण नंतरची पाण्याच्या चांगली वर येतात, आणि देठ पानाच्या मधोमध जोडलेला असतो, छत्रीच्या दांड्यासारखा. देठावरून बोट फिरवलं तर बारीक काटे लागतात. पाकळ्या गळाल्यावर उरतं ते बोंड, झारीच्या तोंडासारखं, भोकाभोकांत एकेक बी.

जमलं तर त्याच तळ्यावर थंडीत पुन्हा जा. तपकिरी, फाटकी पानं आणि मोडून पाण्यात वाकलेले देठ दिसतील. आपल्याकडे हे बघायला कोणी मुद्दाम जात नाही. शेजारी विचारतील, काय हरवलंय का तळ्यात. चिनी चित्रकारांना मात्र या अवस्थेचं भारी वेड. थांग काळातला (चीनमधली सातव्या ते दहाव्या शतकातली राजवट) कवी ली शांगयिन याच्या एका ओळीचा भावार्थ असा की वाळकं कमळ तसंच राहू दिलंय, त्यावर पडणारा पाऊस ऐकायला. पुढची हजार-अकराशे वर्षं वाळक्या कमळाच्या चित्रामागे ही ओळ कुठे ना कुठे असतेच.

पायरी दुसरी : हात कुठला ते ओळखा

फुला-पक्ष्यांच्या चित्रांना चिनीत 'हुआन्याओ' म्हणतात. 'हुआ' म्हणजे फूल, 'न्याओ' म्हणजे पक्षी. पण त्यात किडे, मासे, खेकडेही येतात. सोंग राजवटीत, म्हणजे ९६० ते १२७९ या काळात, हा प्रकार भरात आला. त्याचे ढोबळ दोन हात आहेत. 'गोंगबी' म्हणजे बारकाईचं काम: आधी केसासारखी रेषा, मग रंगाचे पातळ थर एकावर एक. एका ब्रशात रंग, दुसऱ्यात नुसतं पाणी, आणि पाण्याच्या ब्रशाने रंगाची कड विरवत न्यायची. 'श्येयी' म्हणजे मनातलं उतरवणं: ओला ब्रश, शाई, मोजके फटकारे.

गोंगबीसाठी एकच चित्र निवडायचं तर बीजिंगच्या राजवाडा-संग्रहालयातलं 'पाण्यातून वर आलेलं कमळ' घ्या. हे वू बिंग या दक्षिण सोंग काळातल्या, म्हणजे सोंग राजवटीच्या उत्तरार्धातल्या, चित्रकाराचं मानलं जातं. रेशमावरचं, गोल पंख्याच्या आकाराचं, जेमतेम २४-२५ सेंटिमीटरचं, म्हणजे नाश्त्याच्या ताटलीएवढं. त्यात एकच गुलाबी कमळ आहे, जवळजवळ सगळी जागा व्यापून. मोठं करून पाकळीची कड शोधा. रेषा सापडता सापडत नाही, कारण रंगाने ती गिळली आहे. पाकळीच्या टोकाकडे गुलाबी गडद होत जातो आणि त्यात शिरा दिसतात, मधे पिवळट केसरांची गर्दी. फोटोसारखं आहे असं तोंडात येईल. जरा थांबा आणि फुलाच्या मागचं पान बघा: हिरवा मुद्दाम दबलेला आहे, म्हणून गुलाबी पुढे येतो.

या दोन हातांच्या मधे एक तिसरा आहे, 'मोगू', म्हणजे 'बिनहाडांचा'. इथे रेषाच नाही, रंगाच्या डागातूनच आकार. सतराव्या शतकातला युन शोउपिंग (१६३३–१६९०) यासाठी नावाजलेला. तो छांगझोउचा, आणि त्या गावात कमळतळ्यांची चित्रं काढायची परंपरा त्याच्या कित्येक पिढ्या आधीची. त्यातली बरीच जुनी चित्रं आज जपानमध्ये टिकून आहेत.

पायरी तिसरी : अंगठ्याने फूल झाका

हा प्रयोग खरंच करा. पडद्यावर श्येयी पद्धतीचं शाईतलं कमळ उघडा, फुलावर अंगठा ठेवा आणि उरलेलं चित्र बघा. चांगल्या चित्रात फूल नसतानाही काहीतरी चालू असतं. वाईट चित्रात उरतात काळे डाग.

पान कसं घडतं ते समजलं की बघणं बदलतं. कागद असतो श्युआन नावाचा, आणि श्येयीसाठी त्याचा कच्चा, म्हणजे तुरटी-सरस न लावलेला प्रकार. तो टीपकागदासारखा पाणी ओढतो. ब्रश शेळीच्या केसांचा, मऊ, पोटात भरपूर पाणी धरणारा. तो आधी पातळ शाईत बुडवतात, मग टोकाला किंवा एका बाजूला दाट शाई घेतात आणि कागदावर आडवा पाडून फिरवतात. एकाच फटकाऱ्यात एका कडेला काळं, दुसऱ्या कडेला राखाडी, मधे कुठे पाण्याने फुटलेलं. ओल कागदात पसरत असते, ती कुठे थांबेल याचा अंदाज हाताला आधीच असावा लागतो. मग वाट बघायची. पान पुरतं ओलं असताना शिरा ओढल्या तर त्या फुटून नाहीशा होतात. पूर्ण वाळल्यावर ओढल्या तर वरून चिकटवल्यासारख्या दिसतात. अर्धवट ओल असताना ओढलेली शीर पानात मुरते आणि तरी दिसते. खोडरबर नाही, वर पांढरा रंग मारून झाकणं नाही. माझी ओल आलेली भिंत घडली ती शिरांची घाई केल्यामुळे.

आता पडद्यावरच्या पानात तीन गोष्टी शोधा. एक, काळ्याचे किती प्रकार आहेत. चिनी चित्रकार म्हणतात शाईत पाच रंग असतात. पाच मोजले नाहीत तरी तीन नक्की सापडतील. दोन, ब्रश कुठे कोरडा पडला. तिथे शाई तुटते, कागदाचा पांढरा पोत वर येतो आणि पानाची कड वाळलेली वाटते. तीन, पानाचं वय. कोवळं पान दोन्ही बाजूंनी गुंडाळलेलं असतं, दोन छोट्या फटकाऱ्यांत संपतं. भरातलं पान छत्रीसारखं, आणि ते क्वचितच वरून पूर्ण गोल दाखवतात. बहुतेकदा आडवं, एक कड दुमडून. म्हातारं पान वादळात उलटलेल्या छत्रीसारखं लोंबतं. एकाच चित्रात तिन्ही वयं असली तर ती योगायोगाने आलेली नसतात.

पानाने चित्र कसं पेलावं याचा माझा आवडता नमुना शू वेई (१५२१–१५९३) याचा आहे, आणि त्यात फुलाचा काही संबंधच नाही. 'पिवळं चिलखत' नावाचं हे चित्र बीजिंगलाच आहे. वर शाईची वाळकी, लोंबती पानं आणि खाली एक खेकडा, बस. 'चिलखत' म्हणजे खेकड्याची पाठ; पण त्याच 'ज्या' शब्दाचा दुसरा अर्थ पहिला क्रमांक, आणि 'पिवळा पहिला क्रमांक' म्हणजे राजदरबारच्या परीक्षेतल्या यशस्वी उमेदवारांची यादी. शू वेई स्वतः प्रांताच्या परीक्षेत आठ वेळा नापास झाला होता. आता तो खेकडा पुन्हा बघा. अकलेची बाजू लंगडी असूनही वेळ आली म्हणून साहेब झालेला कोणीतरी पानाखालून ऐटीत तिरका तिरका चाललाय.

पायरी चौथी : देठावरून बोट फिरवा

सोंग काळातल्या झोउ दुनयी (१०१७–१०७३) या विचारवंताने कमळावर एक अगदी छोटा निबंध लिहिला, आणि त्यानंतर चीनमधल्या सुशिक्षित माणसाला कमळ काढताना त्या निबंधापासून सुटका उरली नाही. चिखलातून वर येऊनही मळत नाही, हे त्यातलं वाक्य सर्वांना पाठ. आपल्याला त्यात नवल वाटणार नाही, 'पंकज' या एका शब्दात आपण ते रोज म्हणतो. पण पुढे तो देठाबद्दल बोलतो: आतून पोकळ, बाहेरून सरळ, ना वेलीसारखा पसरतो, ना फांद्या फोडतो. म्हणजे मन मोकळं, वागणं सरळ, गोतावळ्यात गुंतणं नाही. चित्रकार देठावर एवढी मेहनत का घेतात ते इथे कळतं.

देठाची रेषा ब्रश उभा धरून, टोक रेषेच्या मधोमध ठेवून ओढतात. बोट पडद्यावर ठेवा आणि देठाच्या वेगाने वरून खाली न्या. कुठे हात थबकला, कुठे सुटला, ते बोटाला कळतं. कडेचे ठिपके म्हणजे ते काटे. सरळ रेषेला ते जागं ठेवतात, आणि खरं सांगायचं तर कधी कधी एखादा हुकलेला जोडही झाकतात.

देठासाठी बादा शानरेन (१६२६–१७०५) याच्याकडे जायचं. मूळ नाव झू दा. तो मिंग राजघराण्याच्या एका शाखेत नानछांगला जन्मला. १६४४ मध्ये मिंग सत्ता कोसळली आणि हा कोवळा राजवंशी पुढे बौद्ध भिक्षू झाला. नंतर तेही सोडलं. आपली चार अक्षरांची सही तो अशी जोडून लिहायचा की वाचणाऱ्याला कधी 'रडतो', कधी 'हसतो' असं वाचता यावं. त्याची कमळं भलत्याच लांब देठांवर असतात, पान वर कुठेतरी टांगलेलं आणि खाली दगडावर एका पायावर उभा पक्षी, डोळ्याचं बुबुळ वर चढलेलं, जणू कुणाशी बोलायचं नाही असं ठरवून बसलेला. देठांच्या मधली मोकळी जागा कात्रीने कापल्यासारखी नेमकी असते. तिचे आकार बघा: एखादा त्रिकोण, एखादी चिंचोळी पट्टी. दोन त्रिकोण सारखे सापडत नाहीत.

विसाव्या शतकात झांग दाछ्यान (१८९९–१९८३) याने माणसाहून उंच कमळं काढली. १९४५ साली चार पट्ट्यांवर मिळून एकच तळं उभं केलं. एवढ्या लांबीचा देठ एका दमात कसा ओढायचा? तो एक फटकारा वरून खाली आणि दुसरा खालून वर मारून मधे कुठेतरी गाठ घालायचा, असं सांगतात. या माणसाचं महाराष्ट्राशी खरं नातं आहे. वायव्य चीनमधल्या दुनह्वांगच्या बौद्ध गुहांतली भित्तिचित्रं काही वर्षं उतरवून घेतल्यावर तो १९५० मध्ये भारतात आला आणि अजिंठ्याला राहून तिथली चित्रं त्याने अभ्यासली. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या हातात निळं कमळ आहे. पुढच्या वेळी अजिंठ्याला गेलात तर ते बघताना देठ बोटांत कसा धरलाय तेवढं बघा.

पायरी पाचवी : पाणी शोधू नका

पाणी काढलेलंच नसतं. कोरा कागद म्हणजे पाणी, आणि तोच वर गेल्यावर आकाश. कुठे संपतं, कुठे सुरू होतं ते तुम्ही ठरवायचं. देठ जिथे कोऱ्यात विरतो, तिथे पाण्याची पातळी. एवढं पुरे.

पायरी सहावी : आता फूल

अंगठा काढा. शाईच्या चित्रात फूल बहुतेकदा सर्वांत कमी शाईचं असतं: पातळ रेषेच्या पाकळ्या, आत कागद कोरा. भोवतीच्या काळ्या पानांनीच त्याला पांढरं केलेलं असतं, म्हणून पान आधी बघा म्हटलं. फूल किती उघडलंय ते बघा, आणि त्याचं तोंड कुठे आहे. आपल्या रांगोळीसारखं थेट समोर बघणारं कमळ इथे क्वचित. ते बाजूला वळलेलं, पानाआडून डोकावणारं, कधी पाठमोरं. झोउ दुनयीच्याच निबंधात आहे की कमळ दुरून बघावं, त्याच्याशी सलगी करू नये.

छी बाइशीने (१८६४–१९५७) हा सगळा सोवळेपणा बाजूला ठेवला. हा हुनान प्रांतातला सुतार. त्याच्याकडे पान शाईचं काळं आणि फूल भडक लाल, कुंकवासारखं. विद्वानांना असा रंग जरा गावंढळ वाटायचा. त्याने पर्वा केली नाही. त्याच्या एका चित्रात वाकलेल्या लाल कमळाचं पाण्यात प्रतिबिंब पडलंय आणि बेडकाची पिल्लं शेपट्या हलवत त्या प्रतिबिंबाभोवती जमली आहेत. पाण्याखालून प्रतिबिंब कसं दिसेल, असं विज्ञानाचा एखादा मास्तर विचारेल. विचारू दे.

पायरी सातवी : सोबत कोण आलंय?

इथे शब्दांचे खेळ सुरू होतात. कमळाला चिनीत दोन नावं, 'ल्यान' आणि 'ह'. 'ल्यान' ऐकायला 'लागोपाठ' या शब्दासारखं, आणि 'निःस्पृह, लाच न खाणारा' या शब्दासारखंही. 'ह' हे सलोख्याच्या शब्दासारखं. मग चित्र वाचायचं असं: एक बगळा आणि कमळ म्हणजे परीक्षांमागून परीक्षा पास हो, कारण बगळा 'लू' आणि वाटही 'लू', तेव्हा एका वाटेने लागोपाठ यश. मासे आणि कमळ म्हणजे वर्षामागून वर्ष घरात उरून पुरो, कारण मासा 'यू' आणि शिल्लकही 'यू'. बियांनी भरलेलं बोंड म्हणजे लेकरंबाळं. एका देठावर दोन फुलं किंवा पाण्यात चक्रवाकांसारखी जोडीने फिरणारी रंगीत बदकं म्हणजे लग्नाची भेट. छन होंगशोउ (१५९८–१६५२) याचं बदकांच्या जोडीचं कमळ बीजिंगला आहे. कोवळ्या पानाच्या टोकावर चतुर बसलेला असेल तर तो सोंग काळातल्या यांग वानलीच्या कवितेतून उडून आलेला असतो. अशी चित्रं बारशाला, लग्नाला, पोराच्या परीक्षेआधी भेट द्यायची पद्धत होती. आपण आहेराच्या पाकिटावर शुभेच्छा लिहितो तशी.

पण प्रत्येक चित्रात कोडं शोधू नका. बादाच्या पक्ष्याला असं काही विचारायला जाऊ नये.

पायरी आठवी : लिखाण आणि लाल शिक्के

लिखाण वाचता आलं नाही तरी ते कुठे आहे ते बघा. चित्रात जिथे तोल जातोय, तिथे बहुधा अक्षरांची ओळ टेकू देते. सहीजवळचा लहान शिक्का चित्रकाराचा. इतस्ततः मारलेले संग्राहकांचे. अठराव्या शतकातल्या छ्यानलोंग या चिनी बादशहाने तर आवडत्या चित्रांवर शिक्क्यांची अशी खैरात केली आहे की ग्रंथालयाचं जुनं पुस्तक आठवावं.

बघायचं कुठे

बीजिंगच्या राजवाडा-संग्रहालयाच्या संकेतस्थळावर वू बिंगचं कमळ मोठं करून बघता येतं. तैपेईचं राष्ट्रीय राजवाडा-संग्रहालय आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन इथली बरीच चित्रं फुकट उतरवून घेता येतात. परदेशी राहणाऱ्यांनी प्रत्यक्ष जायचं असेल तर आधी चौकशी करा: रेशीम आणि कागद उजेडाने खराब होतात, म्हणून ही चित्रं मोजके आठवडे टांगतात आणि मग बराच काळ पेटीत. मुद्दाम एखादं चित्र बघायला जावं आणि जागी भलतंच असावं, हे माझ्या बाबतीत झालंय.

या आठही पायऱ्या एकाच चित्रावर चढून बघायच्या तर बादाची 'नदीवरची फुलं' ही गुंडाळी घ्या. ती १६९७ ची, चित्रकाराची सत्तरी उलटल्यावरची, आज चीनमधल्या त्यानजिन शहराच्या संग्रहालयात. रुंदी हातभर, लांबी तब्बल तेरा मीटरच्या आसपास. गुंडाळी उजवीकडून डावीकडे उघडतात, एका वेळी हातभर, डावा हात सोडत आणि उजवा गुंडाळत. पडद्यावरही तसंच करा. पूर्ण चित्र एकदम बघण्याचा मोह टाळा, नाहीतर नुसती काळी-पांढरी रिबीन दिसेल. उजव्या टोकाला कमळं दाटीने सुरू होतात. पुढे दगड येतात, उतार येतो, पानं विरळ होत जातात, मधेच एखादं फूल एकटं. डाव्या टोकाला त्याने स्वतः लिहिलेली लांबलचक कविता आहे. तिथवर पोहोचायला मला पहिल्यांदा पाऊण तास लागला होता, आणि चहा निवून गेला होता.